एकेक टोपली माती

त्या राज्यात जमीन थोडी आणि चिखल फार होता. समुद्र दिवसातून दोनदा नदीच्या मुखातून आत येई, दोनदा मागे हटे, आणि जाताना सारा मुलूख निसरडा करून जाई. कोरडा म्हणावा असा एकच उंचवटा होता. दूरच्या डोंगरातला दगड ओढून आणून बैलांनी त्याच्यावर प्रार्थनाघर उभं केलं.

दार बैलाच्या शिंगांहूनही हातभर उंच ठेवलं होतं, ते उगाच नव्हे. दगड ओढणाऱ्यांना शब्द दिलेला होता की त्यांच्या कुळातल्या थोरल्याने शेवटचा श्वास आत, त्याच दगडांवर सोडायचा. हा शब्द पाळायचं काम दारवान धिमाजीकडे आलं. धिमाजी कासव होता. शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचा तर तेवढं जगणाराच नेमावा लागतो.

आता, प्रार्थना केली की भूक लागते. म्हणून पहिल्या वर्षी एका बगळ्याने पायऱ्यांपाशी खारवलेले मासे मांडले. पुढल्या वर्षी मेंढ्या लोकर घेऊन आल्या, त्यांच्यामागून साळिंदर कंगवे घेऊन आलं. मग गलबतं लागू लागली, घोड्यांची जत्रा भरू लागली, सिंहराजाने बाजाराची सनद दिली, आणि बघता बघता गाव झालं. झालं मात्र चिखलातच.

त्यावर गावाने एक रीत काढली. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक दुकानदाराने एक टोपली कोरडी माती प्रार्थनाघरासमोर वाहायची, म्हणजे भक्तांचे पाय भरायचे नाहीत. कुणाची सक्ती नव्हती हो. माती मनापासून वाहिली जाई, डोक्यावरून वाजतगाजत येई. टोपली जेवढी मोठी, तेवढं घराणं मोठं, असा हिशेब मात्र आपोआप सुरू झाला.

दार बाहेर उघडणारं होतं. पायऱ्या मातीखाली गेल्या, आणि एका वर्षी ते खाली घासायला लागलं. धिमाजीने टोकेरावाला, म्हणजे गावच्या सुतारपक्ष्याला, बोलावलं.

"खालून चार बोटं काढतो, की झालं काम," टोकेराव म्हणाला.

"त्यापेक्षा माती काढली तर?"

"अहो, वाहिलेली माती काढायची? जीभ तरी कशी रेटते तुमची!"

चार बोटं निघाली. काही वर्षांनी टोकेरावाच्या मुलाने आणखी चार काढली, नातवाने वीतभर, आणि पुढच्या प्रत्येक पिढीने त्याहून जास्त. आत जायला आता चढावं लागत नसे, उतरावं लागे. घोडे मान लववू लागले. मेंढ्या म्हणाल्या, देवापुढे वाकून जावं हेच खरं. मेंढ्यांना वाकावं लागत नव्हतं.

अशात भारोजी थकला. दगड ओढणाऱ्या बैलांच्या कुळातला तो शेवटचा. एका सकाळी तो डुलत डुलत दारापाशी आला.

"धिमाजीआबा, चार दिवसांत येईन म्हणतो. गुडघे आता ऐकत नाहीत."

"ये की रे बाबा. जागा तुझीच आहे," धिमाजी म्हणाला. भारोजी वळला तेव्हा धिमाजीने नजरेने मोजलं. चौकटीची वरची कड बैलाच्या छातीशीच येत होती. इतक्या पिढ्यांत धिमाजी कधी खोटा पडला नव्हता, आणि आता पडणार होता.

त्याने बाजाराची सभा बोलावली. सभेची मुख्य मानबाई, लोकरीच्या पेठेतली हंसीण. बाई वाईट नव्हती. भारोजीचं नाव निघताच तिचे डोळे भरून आले.

"दारापुरती माती काढा," धिमाजी म्हणाला. "एक दिवस. तो आत गेला की हवी तर परत टाका."

सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं. मग कुणाची माती आधी काढायची, हा प्रश्न आला. सगळ्यांत वर मानबाईची होती.

"माझी काढा, माझं काही नाही," ती म्हणाली. "पण तिच्याखाली सासूबाईंची आहे. तिला मी हात लावू द्यायची नाही."

सासूबाईंच्या खाली बगळ्यांच्या पणज्याची होती. बगळे उठून उभे राहिले. कुणाचा थर कुठे, हे गावात पोराटोरांना तोंडपाठ होतं. सभा तीन दिवस चालली. कुणी वावगा शब्द काढला नाही, कुणी फावडंही उचललं नाही.

चौथ्या दिवशी भारोजी आला. रिवाजाप्रमाणे धिमाजी आत जाऊन स्वागताला उभा राहिला. बैलाने मान घातली, तर शिंगं अडली. त्याने गुडघे टेकले, तर खांदे अडले.

"अजून थोडं, ये रे, अजून थोडं," धिमाजी आतून म्हणत होता. त्याला रडू आवरत नव्हतं.

"राहू दे आबा. तुम्ही जागा राखलीत, एवढं पुष्कळ झालं," भारोजी म्हणाला. तो मागे सरला आणि उघड्या दारावर कलंडला. दार त्याच्या भाराने मिटलं. तो पुन्हा उठला नाही.

गाव हळहळलं, आणि खरोखर हळहळलं. असा जीव पुन्हा होणे नाही, असं जो तो म्हणाला. तो पडला तिथेच त्याला मान द्यायचा ठरला. प्रत्येक घरातून एक टोपली आली, काही घरांतून दोन आल्या. संध्याकाळपर्यंत बैल दिसेनासा झाला, आणि त्याच्यामागची चौकटही. धिमाजी आत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो प्रार्थनेला बसला असेल, मध्ये हाक मारणं बरं दिसत नाही, असं ठरलं.

पुढच्या बाजाराला ती जागा गावात सर्वांत उंच आणि कोरडी निघाली. मानाने ती मानबाईला मिळाली. तिने लोकरीचे गठ्ठे मांडले, पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि तिच्या पायाखाली काहीतरी ठकठक वाजलं. थांबलं, पुन्हा वाजलं. मानबाईने पाय आपटून पाहिला.

"इथली भुई अजून नीट बसली नाही गं बाई," ती शेजारणीला म्हणाली, आणि तिने आणखी एक टोपली मागवली.