नव्या बाईचं नाक

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या जुन्या शिष्याला भेटायला बेदाण्याच्या एका शीतगृहात गेले. गुरुजींचं उभं आयुष्य कॉलेजात शरीरशास्त्र शिकवण्यात गेलेलं. शिष्य पुढे अभियंता झाला आणि या शीतगृहाची सगळी यंत्रं सांभाळू लागला. आपलं काम गुरुजींना दाखवायची त्याला फार हौस होती.

दारातच गुरुजींच्या डोळ्यांना पाणी आलं आणि घसा खवखवला. हा कसला उग्र वास, असं त्यांनी विचारलं, तर मालक शेठ हसले. थंडाव्याला अमोनिया वापरतो, म्हणाले. बाहेरून येणाऱ्याला जरा जाणवतो, आतल्या माणसाला काही होत नाही. शिष्यानेही मान डोलावली.

आत बेदाणा निवडायच्या दालनात बायका ओळीने बसल्या होत्या. एक मात्र जेवणाचा डबा हातात घेऊन उभी होती. तिचं नाव शेवंता. नुकतीच कामाला लागलेली, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि चूल पेटायची ती हिच्या मजुरीवर. आल्या दिवसापासून ती सांगत होती की डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. पण त्या दालनात एक रिवाज होता. नव्या बाईची तक्रार हंगाम सरेपर्यंत कुणी मनावर घ्यायची नाही. पडेल अंगवळणी, असं म्हणून जुन्या बायका हसायच्या. कधीकाळी त्यांनाही असंच हसलं गेलं होतं. त्याच सकाळी, गुरुजी येण्याआधी, शेवंता थेट शेठकडे गेली आणि म्हणाली, कुठेतरी गळतंय. शेठनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि ती डबा घेऊन निघाली होती; हे सगळं तिनेच गुरुजींना सांगितलं.

संताप येतो तो इथे. ज्या बाईला खरं कळत होतं तिला नाजूक ठरवलं, आणि ज्यांना काही कळेनासं झालं होतं ते अनुभवी म्हणून मिरवत होते.

गुरुजींनी शिष्याला विचारलं, गळती ओळखणारं यंत्र नाही का? आहे की, तो म्हणाला, चांगला महागाचा सेन्सर आहे. पण सारखा केकाटायचा, काम खोळंबायचं, शेठ वैतागायचे. मग किती अमोनिया झाला म्हणजे ओरडायचं तो आकडा त्याने वर सरकवून ठेवला होता. तेव्हापासून एकदम शांत आहे, असं त्याने समाधानाने सांगितलं.

गुरुजींचा चेहरा लाल झाला. शेठकडे वळून म्हणाले, आज माझ्यातर्फे सगळ्यांना चहा, आणि तोही रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली. ऐन निवडणीच्या दिवसांत हे काय खूळ, असं शेठच्या मनात आलं. पण म्हाताऱ्या पाहुण्याला नाही कसं म्हणणार? सगळ्या बायका बाहेर आल्या, शेवंताही आली. चहा झाला तरी गुरुजी कुणाला उठू देईनात. पुन्हा चहा मागवला. द्राक्षाच्या जातींबद्दल विचारत बसले. शेठ घड्याळाकडे बघून चुळबुळत होते, आणि गुरुजींना आता वयामुळे काही सुचेनासं झालंय, असं वाटून शिष्य मनात ओशाळला होता.

बऱ्याच वेळाने गुरुजी उठले. बायकांना तिथेच थांबवून त्यांनी शेठला आणि शिष्याला दारापाशी नेलं. दार उघडताच दोघेही खोकत मागे सरले. शेठनी नाकाला रुमाल लावला आणि हे कधी झालं म्हणून विचारलं.

“सकाळीही हेच होतं,” गुरुजींचा आवाज चढला. “तुम्ही यातच बसला होतात. देहाची रीतच आहे ती. अंगातला सदरा दिवसभर जाणवत राहिला तर माणसाला दुसरं काही सुचेल का? म्हणून जे सतत आहे ते कळवायचं इंद्रियं सोडून देतात. त्यात नाकाचा दोष नाही.”

मग ते शिष्याकडे वळले. “पण तुला हे मी शिकवलं होतं. यंत्राला सवय होत नाही, म्हणून तर ते भिंतीवर लावायचं. आणि तू त्यालाच सवय लावलीस. या इमारतीत दोनच नाकं शाबूत होती. एकाचं तोंड तू बांधलंस, दुसरीला यांनी घरी पाठवलं. लाज वाटत नाही तुम्हाला?”

शिष्याने यंत्रं बंद केली आणि तोंडाला गॅसचा मास्क चढवून आत गेला. दालनाच्या भिंतीमागे एका नळीच्या सांध्याची गंजून चाळण झाली होती. तो एकदम फुटला असता, तर आतल्या बायकांना बाहेर पडायला दार एकच होतं.

सांधा बदलला, आकडा पुन्हा खाली आला. शेवंता कामावर राहिली, आणि तिला हसणाऱ्या बायका तिच्याशेजारी जागा करून देऊ लागल्या. रोज सकाळी शिष्य तिला दारात थांबवून आधी विचारायचा, वास येतोय का?

हंगाम सरत आला तसं एका सकाळी शेवंता म्हणाली, “साहेब, आता मला विचारू नका. माझंही नाक सरावलं, वास असला तरी मला कळायचा नाही.” आणि कालच कामाला लागलेल्या एका बाईचा हात धरून तिने तिला पुढे केलं.