दोराला हात

"अठरा दिवस ती बाई माझ्या भावाच्या कानात काय सांगत होती?"

इनास मास्तर ओसरीवर पेज खात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण बाई?"

"दोना अमेलिया. पोर्तुगालात लवूदादा तिच्या घरात भाड्याने राहायचा. तो जाईपर्यंत इस्पितळात तीच त्याच्या उशाशी बसली. आमच्यातलं कोणी नव्हतं तिथे..."

दादाच्या खोलीत राहणाऱ्या अल्ताफने नर्सने काढलेला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात ती वाकलेली दिसते. ओठ बारीक बारीक हलतात. आवाज नाही. अल्ताफला विचारलं, तो म्हणाला, मी तेव्हा ड्युटीवर असायचो रे. आईला दाखवला, ती उठून आत गेली.

"तिलाच विचार की," मास्तर म्हणाले.

"मला पोर्तुगीज येत नाही. आणि आता तीच खाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, उद्याचं सांगता येत नाही. तिला मूलबाळ नाही, मास्तर. आज साडेतीनला अल्ताफ तिच्याजवळ बसून फोन लावणार आहे. मला तिला धीर द्यायचाय, तिच्या भाषेत. शब्द द्या."

रेडीहून निघून, तेरेखोलची खाडी फेरीबोटीने ओलांडून मी केरीला, पोर्तुगीज शिकलेल्या मास्तरांकडे आलो होतो तो एवढ्यासाठीच. सातवीत शाळा सोडल्यापासून वही हातात धरली नव्हती. ही नवी घेतली होती.

मास्तरांनी वाटी बाजूला ठेवली.

"फोर्सा. जोर धर. कोराजें. धीर सोडू नको. वा ला... चल, चल, जमेल. इश्तो आकी. मी इथे आहे."

मी लिहून घेतलं. दोनदा म्हटलं.

"झालं पाठ. आणखी?"

"भावाला काय म्हणाला होतास?"

मी वही मिटली.

"सांग."

"फोनवरच दिसला शेवटचा. नाकात नळी होती. मी ओरडलो, ऊठ दादा! हिंमत धर! असा काय पडलायस, ऊठ!"

"मग?"

"त्याने भिंतीकडे तोंड वळवलं."

मास्तरांनी काठी घेतली.

"चल. पाठ तपासू तुझा."

किनाऱ्यावर ऊन होतं, पण धुक्यातून गाळल्यासारखं. रापणीचं मोठं जाळं काठावर ओढणं चाललं होतं. दोन लांब दोर समुद्रात गेलेले, आणि दोन्हीकडे माणसं. जाळं कुठेच दिसत नव्हतं. नुसता ओला दोर पाण्यातून येत होता, येतच होता... पलीकडच्या काठावर बसून कोणी तो हळूहळू सोडत असावं, तसा.

"ह्यांना दे धीर," मास्तर म्हणाले.

मी हात वर करून ओरडलो, "फोर्सा! कोराजें!"

माणसं हसायला लागली.

"खयचो रे ह्यो पोपट?"

"मतां मागूक इलो असतलो!"

दोराच्या टोकाला पेद्रू नावाचा म्हातारा होता. तो तेवढा हसला नाही.

"दोराक जेचो हात नाय, तेणां तोंड उघडूचा नाय. रापणीचो नेम आसा, झिला."

माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ मेलाय आणि हे मला नेम शिकवतात! मी वही वाळूत फेकली आणि पेद्रूच्या पुढे दोर धरला.

ओढत मागे जायचं, दोर टाकून पुन्हा पाण्यापाशी यायचं. पुन्हा धरायचा. तळवे सोलून निघाले. तोंडात शब्द राहिला नाही, नुसता श्वास. आणि मग ऐकू आलं... पेद्रू प्रत्येक ओढीला माझ्या मानेमागे हळूच म्हणत होता, "येता... येता..."

कोणाला म्हणत होता, कळत नव्हतं. मला की जाळ्याला.

खिशातला फोन वाजला. साडेतीन.

"मास्तर! फोन!"

हात सोडला असता तर माझा सगळा भार म्हाताऱ्यावर गेला असता. मास्तरांनीच माझ्या खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

पांढरी उशी. तिच्यावर एवढासा, सुरकुतलेला चेहरा.

"बोल कुशा," अल्ताफचा आवाज आला. "ऐकतायत त्या."

चारही शब्द डोक्यातून गेले. मी नुसता ओढत होतो आणि ती बघत होती. दोराकडे, माझ्या हातांकडे, माझ्या मागच्या पांढऱ्या उजेडाकडे.

"इश्तो..."

एक ओढ.

"...आकी."

तिने डोळे मिटले, उघडले. मग तिचे ओठ हलले. बारीक बारीक. त्या व्हिडिओत हलले होते, तसेच. आणि नेमका तेव्हाच समुद्रावरून वारा आला.

"काय म्हणाली?" मी ओरडलो. "मास्तर, तुमच्या हातात फोन होता. तुम्ही ऐकलंत! काय म्हणाली ती?"

मास्तरांनी फोन फिरवून जरा उंच धरला. दूर पाण्यावर जाळ्याची पहिली तरंगती बुचं दिसायला लागली होती. ती अमेलियाला दिसावीत म्हणून.

"मास्तर... दादाच्या कानात तेच सांगत होती का?"

"दोर ढिला पडला, कुशा."

मी टाचा वाळूत रोवल्या. जाळं काठाला लागेपर्यंत ती बघत होती, आणि मी ओढत होतो.