कासारणीचं सूप

फार फार जुनी गोष्ट. तांबखडीच्या बाजारात तेव्हा सुंद्राक्का कासारीण बसायची. बाई जिभेची तिखट. बांगडी भरताना एखादीनं हात आखडला की म्हणायची, "सैल सोड गं, मोडून घरी नेणार नाही मी!" पण तिच्या हातून तोवर बांगडी कधी पिचली नव्हती, असं म्हणतात.

त्याच बाजारात ठकूबाई मागून खायची. म्हातारी, विधवा, मागेपुढे कुणी नाही. आणि एक दिवस गावात दवंडी पिटली: बाजारात जो भिकेसाठी हात पसरेल, त्याला तालुक्याच्या कोठडीत धाडणार. शेजारच्या गावातून नेलेले परत आलेच नव्हते. ठकूबाईला हे ठाऊक होतं, पण पोटाला कोण समजावणार? पुढच्या बाजारी ती आली, आणि नेमका जमादार समोर असताना तिचा हात पुढे झाला.

"ऊठ, चल," जमादार म्हणाला.

म्हातारी मटकन सुंद्राक्काच्या पथारीवरच बसली. सुंद्राक्कानं काय करावं? तो पसरलेला हातच धरला आणि त्यात हिरवी बांगडी चढवायला लागली.

"भीक कसली, जमादार? बांगड्या भरायच्या तर हात पुढेच करावा लागतो. तुमच्यात काय पाठीमागे करतात?"

विधवेच्या हातात हिरवा चुडा! अहो, त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. कासारणीचं पोट सवाष्णींच्या हातांवर. आता हिच्याकडे कोण फिरकणार? हे सुंद्राक्काला कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं. आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून बांगडी पिचली. ठकूबाईच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. सुंद्राक्कानं तो पदरानं पुसला आणि दुसरी बांगडी घेतली.

तेवढ्यात पाटलीणबाई पुढे आल्या. ठकूबाईला खेटून बसल्या, हात पुढे केला नि म्हणाल्या, "हिचं झालं की मला भर." मग माळीण आली, तेलीण आली, आणि बघता बघता बाजारातल्या साऱ्या बायका हात पसरून उभ्या राहिल्या. दिवस बुडेपर्यंत सुंद्राक्का भरत होती, तरी बांगड्यांची माळ काही संपेना, असं म्हणतात. जमादार कुणाकुणाला धरणार? वर सुंद्राक्का त्यालाच म्हणते, "या की, तुमचंही माप घेते!" बिचारा निघून गेला.

आता बांगड्यांनी ठकूबाईची भूक भागली का? काहीतरीच! हुकूम कायम होता, जमादार पुन्हा येणार होता. म्हणून सुंद्राक्का दर बाजारी सकाळीच पथारीसमोर सूप मांडायला लागली, आणि दुकानदारांना दटावायची, "म्हातारीनं हात पसरायची वाट कशाला बघता रे? आधीच घाला की!"

ठकूबाई गेली, सुंद्राक्काही गेली. सूप अजून मांडतात. कासारणीचं सूप म्हणतात त्याला. ज्वारी, कांदे, मीठ-मिरची, ज्याच्याकडे जे असेल ते तो घालतो. मग अख्खा बाजार सुपाकडे पाठ करून उभा राहतो. दुकानदार, गिऱ्हाईक आणि हो, गस्तीवरचा पोलीससुद्धा. गरज असेल तो येतो, घेतो, जातो. कोण आलं होतं, हे तांबखडीत आजवर कुणालाच माहीत नाही.