न पाहिलेला फटका

सात टेकड्यांच्या मधोमध एक जंगल होते आणि त्या जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने दांडगे, पण मनाने मोठे हौशी. जंगलाच्या पूर्वेला एक गवताळ पठार होते. दरवर्षी वैशाखात, करवंदे काळीभोर झाली की, त्या पठारावर हे अस्वल चेंडू-काठीचे सामने भरवी. मुलांनो, माणसे या खेळाला गोल्फ म्हणतात. काठीने चेंडू टोलवायचा आणि दूरवरच्या खळग्यात तो कमीत कमी फटक्यांत घालायचा, एवढाच खेळ. पठारावर असे नऊ खळगे होते. खेळाडू पुढे चालत आणि सगळे जंगल त्यांच्या मागून चाले. ससे, भेकरे, मोर, मुंगसे, एवढेच काय, तरसेसुद्धा येत. त्या दिवशी कुणी कुणाला खायचे नाही, असा दंडकच होता.

या खेळात एक गंमत होती. खेळाडूने काठी उचलली की अस्वल आपला पंजा वर करी आणि हजार प्राण्यांचा तो जमाव एका क्षणात गप्प होई. पिल्लेसुद्धा श्वास रोखून धरत. फटका बसला, चेंडू गवतावरून घरंगळत गेला, की मग "वा! वा!" असा गलका उठे आणि टेकड्यांवर आदळून परत येई. अस्वलाला वर्षभर वाट असे ती त्या गप्प होण्याची आणि त्यानंतरच्या गलक्याची.

पठाराच्या मध्यावर, आवळीच्या झाडाखाली, साळूमावशीचे दुकान असे. ती साळिंदर होती. काटे अंगभर, पण बोलणे मऊ. निखाऱ्यात भाजलेले कंद आणि करवंदांचे सरबत, एवढेच ती विके. जंगलात नाण्यांऐवजी बेहड्याची फळे चालत. एक बेहडा दिला की पानभर कंद मिळत. ज्याच्याकडे बेहडा नसे, त्याला ती म्हणे, "आधी खाऊन घे, बेहड्याचं नंतर बघू. पोट भरलेलं असलं की चेंडू नीट दिसतो." झऱ्याचे पाणी तर कुणीही प्यावे.

एका वर्षी सामन्यांच्या महिनाभर आधी कोल्हा अस्वलाच्या गुहेशी आला. बरोबर त्याने मधाचे पोळे आणले होते.

"दादा," तो म्हणाला, "तुमचा खेळ सोन्यासारखा, पण मांडामांड बघितली की वाईट वाटतं. खेळाडूंना सावली नाही, परक्या जंगलांतल्या पाहुण्यांना बसायला जागा नाही. खाण्यापिण्याचा मक्ता एकट्या मला द्या. मी मांडव घालतो, पाहुण्यांसाठी माचाण बांधतो. सातही टेकड्यांपलीकडे तुमचं नाव होईल."

"आणि साळूमावशी?" अस्वलाने विचारले.

"ती बसेल की टेकडीपलीकडे. तिला कोण नको म्हणतंय?"

अस्वलाने पोळ्यातला मध चाटला. मांडव त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मांडवाखाली आपण, आजूबाजूला परजंगलाचे पाहुणे, आणि सगळ्यांच्या तोंडी आपलेच नाव. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला अस्वल स्वतः आवळीखाली गेले. साळूमावशीने ऐकून घेतले. रागावली नाही. आपली मडकी एकात एक रचता रचता ती एवढेच म्हणाली, "दादा, मी जाईन. पण बघायला येतो त्याला पाहुणा म्हणायचं की गिऱ्हाईक, तेवढं एकदा मनाशी ठरव."

"ठरवायचं काय त्यात? येतील तसेच येतील," अस्वल म्हणाले. पण परत जाताना वाटेत दोनदा ते उगीचच थांबले.

सामन्यांचा दिवस उजाडला. पठार ओळखू येईना. वेलींच्या दोऱ्या चहूबाजूंनी ताणल्या होत्या आणि आत जायला एकच वाट ठेवली होती. तिथे कोल्ह्याने तरसाला उभे केले होते. घरून आणलेले खाणे आत न्यायचे नाही आणि एकदा बाहेर पडलेल्याने पुन्हा आत यायचे नाही, असा त्याचा नवा नियम होता. झऱ्याच्या काठीही दोरी होती. आत कोल्ह्याची तीन दुकाने होती. पाच बेहड्यांना चार सुकी उंबरे, दोन बेहड्यांना द्रोणभर पाणी.

अस्वल वाटेपाशी उभे होते तेव्हा एक सशीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन आली. तिच्या तोंडात दुर्वांची पुरचुंडी होती. तरसाने ती काढून घेतली.

"पोरांसाठी आहे हो," सशीण म्हणाली. "दिवसभराचं आहे."

"आत सगळं मिळतं," तरस म्हणाले.

सशिणीने अस्वलाकडे पाहिले. अस्वलाच्या ओठांवर शब्द आला होता. पण मागून कोल्ह्याने हाक मारली, "दादा, पाहुणे आले!" आणि अस्वल त्या हाकेच्या निमित्ताने वळले. आपण निमित्त शोधले, हे त्याचे त्यालाही कळले.

सकाळी गर्दी खूप होती. त्या गर्दीचे एक कारण वानरी होती. ती म्हातारी वानरी गेली चौदा वर्षे या पठारावर खेळत आली होती आणि एकदाही जिंकली नव्हती. दरवेळी शेवटच्या एक-दोन खळग्यांवर तिचे काहीतरी बिनसायचे. तरी तिच्याइतके प्रेम कुणाच्याच वाट्याला येत नसे, कारण हरल्यावर ती गर्दीपाशी येऊन पिल्लांना आपली काठी हातात धरायला देई. यंदा तिची बोटे आखडू लागली होती. "हे माझं शेवटचं," असे ती सर्वांना सांगून चुकली होती. तिच्यासमोर होते एक तरणे उदमांजर. चपळ आणि अचूक.

पहिल्या तीन खळग्यांपर्यंत सगळे जंगल बरोबर होते. मग ऊन चढले. माचाणीच्या खांबांनी आणि पाहुण्यांच्या पाठींनी पुढचे काही दिसेना, म्हणून ससे आणि मुंगसे उड्या मारमारून दमली. पिल्ले पाणी मागू लागली. भेकराने एक द्रोण पाणी विकत घेतले आणि ते चौघांत वाटले. मोराने भाव विचारला आणि मान फिरवली. चौथ्या खळग्यावर गर्दी अर्धी झाली. सशीण पाचव्यापर्यंत टिकली. मग तिने सर्वांत लहान पिल्लू तोंडात धरले आणि दोरीखालून बाहेर पडली. तिच्यामागून आणखी कितीतरी जण गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ओंजळीतून पाणी गळावे तशी गर्दी गळाली.

"जाऊ देत," कोल्हा अस्वलाच्या कानाशी म्हणाला. "राहिलेत ते जास्त खातील."

 खेळावर नजर ठेवायची म्हणून अस्वल खेळाडूंच्या मागून चालत राहिले. पण सातव्या खळग्यावर पंजा वर केला तेव्हा त्याला एकदम काहीतरी चुकल्यासारखे वाटले. पाहुणे लांब माचाणीवर खात बसले होते, गप्प करायला समोर कुणीच नव्हते. पंजा वर करण्याआधीही शांतता होती आणि खाली केल्यावरही तीच होती. पूर्वीची शांतता भरलेल्या घागरीसारखी असे. ही रिकाम्या घागरीसारखी होती. अस्वलाने पंजा हळूच पाठीमागे नेला.

नवव्या खळग्यावर वानरीचा एक फटका उदमांजरापेक्षा कमी झाला होता. उदमांजराचा चेंडू खळग्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता. पुढच्या फटक्यात तो आत जाणार हे नक्की होते. वानरीचा चेंडू मात्र झऱ्याकाठच्या ओहळात, दगडांच्या बेचक्यात पडला होता. तिथून खळगा दिसतसुद्धा नव्हता. मध्ये गवताचा उंचवटा होता. जिंकायचे तर हा एकच फटका होता.

वानरी ओहळात उतरली. बराच वेळ उभी राहिली. तिने आखडलेली बोटे पाण्यात बुडवली, अंगाला पुसली आणि काठी धरली. माचाणीवर त्याच वेळी कोल्ह्याने मधात घोळलेल्या मोहाच्या फुलांची परात आणली. "घ्या, ताजी आहेत, घ्या!" असा तो ओरडत होता आणि पाहुण्यांची तोंडे परातीकडे वळली होती.

वानरीने फटका मारला.

चेंडू दगडांतून उसळला, उंचवट्याच्या माथ्यावर टेकला आणि आता थांबला असे वाटते न वाटते तोच उताराला लागला. डावीकडे वळला. मुंगीच्या वारुळाला वळसा घालून गेला. मग सावकाश, जणू काही त्याला वाट ठाऊक होती, खळग्याच्या कडेशी आला, क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

उदमांजराने आपली काठी खाली ठेवली आणि मान लववली. अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. इतक्या वर्षांत असा फटका त्याने पाहिला नव्हता.

वानरीने ओहळातून डोके वर काढले. उंचवट्यापलीकडे चेंडूचे काय झाले हे तिला दिसले नव्हते. ते कळायचे ते गलक्यावरून. चौदा वर्षे तिला गलक्यावरूनच कळत आले होते. तिने कान टवकारले. माचाणीवर कुणीतरी "अजून द्या" म्हणाले. दुसरा आवाज नव्हता.

"गेला ना, चुकला?" तिने अस्वलाला विचारले.

"नाही गं बाई," अस्वल म्हणाले.  "आत पडला. तू जिंकलीस."

वानरी वर आली, खळग्यात डोकावली. चेंडू तिथे होता. तिने दोरीकडे पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. मग ती विचारू लागली, "कुणी पाहिलं का?"

"मी पाहिलं."

"तू तर पाहणारच, दादा. तुझं कामच आहे ते," वानरी म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. ती जिथे होती तिथेच गवतावर बसली आणि आपली काठी मांडीवर आडवी घेऊन बोटे चोळत राहिली.

अस्वल मांडवाकडे गेले नाही. ते सरळ टेकडी चढून पलीकडे उतरले. तिथे एका मोठ्या शिळेच्या सावलीत साळूमावशी सरबत वाटत होती आणि अवतीभवती निम्मे जंगल बसले होते. अस्वल धापा टाकत आले आणि त्याने फटक्याची हकिकत सांगायला सुरुवात केली. चेंडू कसा उसळला, कसा वळला, वारुळाला वळसा घालून कसा गेला. हातवारे केले, जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. सगळे मन लावून ऐकत होते. पण सांगता सांगता अस्वलालाच जाणवले की हा तो फटका नव्हे. तो डोळ्यांनीच पाहायचा होता.

सशिणीचे सर्वांत लहान पिल्लू म्हणाले, "मग आम्हाला बोलवायचं ना!"

"आपण गेलो होतो, बाळा," सशीण म्हणाली. "सकाळपासून होतो आपण तिथे." तिने अस्वलाकडे पाहिलेसुद्धा नाही.

अस्वल खाली बसले. साळूमावशीने सरबताचा द्रोण त्याच्या पुढ्यात ठेवला. 

"मावशी, तू म्हणाली होतीस ते मी ठरवलंच नाही," ते म्हणाले. "कोल्ह्याने माझ्या वतीने ठरवून टाकलं."

"कोल्ह्याला कशाला बोल लावतोस?" साळूमावशी म्हणाली. "तो दुकान मांडायला आला होता, त्याने दुकान मांडलं. घर तुझं होतं."

अस्वलाने मान खाली घातली. मग ते उठले आणि तिथल्या सगळ्यांना म्हणाले, "चला माझ्याबरोबर. फटका काही मला परत आणता येणार नाही. पण वानरी तिथे एकटी बसली आहे."

एक-एक करून सगळे उठले. टेकडीवरून ती रांग खाली उतरली तेव्हा उन्हे कलली होती. तरस वाट अडवायला पुढे झाले. अस्वलाने वेलीची दोरी दोन्ही पंजांत धरली आणि तोडून टाकली. कोल्हा धावत आला. "दादा, आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं," अस्वल म्हणाले. "चुकीचं ठरलं होतं. तुझा मांडव तू उद्या घेऊन जा. दुकान ठेवायचं तर साळूमावशीच्या दराने ठेव. आणि झऱ्याला आजपासून दोरी नाही."

कोल्ह्याने नाक मुरडले. पाहुण्यांबरोबर तोही त्याच संध्याकाळी निघून गेला.

सगळे जंगल वानरीभोवती गोळा झाले.  जे दिसलेच नाही, त्याला "वा!" तरी कसे म्हणावे? शेवटी सशाचे पिल्लू पुढे झाले आणि म्हणाले, "आजी, कुठून मारलास ते दाखव ना."

वानरीने त्याला ओहळात नेले, दगडांचे बेचके दाखवले. पिल्लाने विचारले म्हणून तिने पुन्हा एकदा चेंडू ठेवून मारूनही पाहिला. चेंडू उंचवट्याला लागून परत तिच्याच पायांशी आला. ती हसली. सगळे हसले. अस्वल हसले नाही.

पुढच्या वैशाखात पठारावर पूर्वीपेक्षा दुप्पट गर्दी झाली. वानरीची बोटे पुरती आखडली होती. ती साळूमावशीशेजारी बसून खेळ पाहत होती. सामने चांगले रंगले, गलका सातही टेकड्यांवर घुमला. तरीही नवव्या खळग्यापाशी, पंजा वर करण्याआधी, अस्वल थोडे थांबले. दोरी आता नव्हतीच. त्याने गर्दीतल्या एकेका तोंडाकडे पाहून घेतले. मागे उभी असलेली मुंगसे त्याने पुढे बोलावली, भेकराला जरा बाजूला सरकायला सांगितले आणि सगळ्यांना दिसते आहे अशी खात्री झाल्यावरच पंजा उचलला.

तात्पर्य : पाहायला आलेल्याला पाहुणा मानावे. त्याला गिऱ्हाईक मानले की तो उठून जातो, आणि गुणवंताचा सर्वांत मोठा क्षण साक्षीदारावाचून वाया जातो.