कणकेचे डाग

"हे डाग निघतील का, मामा? रविवारच्या आत?"

लाजरमामांनी लगेच ग्रंथ हातात घेतला नाही. आधी हात पुसले, मग चष्मा पुसला. वाचता न येणाऱ्याला चष्मा कशाला, असं गल्लीतले लोक गमतीनं विचारायचे. मामा म्हणायचे, सुईचं नाक दिसायला लागतं, बाबा.

"कसले डाग, पाळकसाहेब?"

"हळदीचे, कणकेचे. माझ्या बहिणीच्या हातचे."

बहिणीच्या, हा शब्द गिदोननं घासात लागलेला खडा थुंकावा तसा टाकला.

 स्टोव्हवर पुस्तकं चिकटवायची खळ शिजत होती. ती मामांनी दोनदा ढवळली आणि मग ग्रंथ मांडीवर घेतला.

चाळीस वर्षं मामा याच खोलीत पुस्तकं बांधत आले होते. गावातल्या झाडून सगळ्या ख्रिस्ती घरांतली बायबलं त्यांच्या हाताखालून गेलेली. गिदोन लहान असताना त्याला पहिली प्रार्थना शिकवली ती मामांनीच, इथेच, कागदाच्या कातरणात बसवून. आता गिदोन साळवे गावातल्या चर्चच्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता. दीड वर्ष झालं होतं.

ग्रंथ होता त्याच्या वडिलांचा. तीनचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात प्युरिटन म्हणून मोठे कडक भक्त होऊन गेले, त्यांचे लेख कुणा मिशनरी साहेबानं जुन्या मराठीत आणलेले. देवाची निवड म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, चूल कशी चालवावी, जीभ कशी आवरावी, सगळं त्यात होतं. ती माणसं रोज झोपण्याआधी आपल्या दिवसाची झडती घ्यायची म्हणे. गिदोनला त्या झडतीनं झपाटलं होतं. दर बुधवारी संध्याकाळी तो चर्चमध्ये त्यातलं वाचून दाखवी आणि वाचता वाचता बाकांकडे बघे.

पहिल्या बुधवारी साठ माणसं होती. हल्ली सात येत. हसायचं असेल तर मंगळवारीच हसून घ्या, असं लोक एकमेकांना सांगत.

त्या सातांत लाजरमामा एक. पहिल्या बाकावर बसायचे.

"थोडी खळ पण द्या," गिदोन म्हणाला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ही सूचना चर्चच्या फळ्यावर डकवायची आहे. आजच."

"काय लिहिलंय?"

गिदोननं कागद उघडून वाचला. आवाज चढलेलाच होता.

"शालोमी, ख्रिस्तवासी साळवे मास्तरांची कन्या, हिनं मंडळीबाहेर लग्न केलं व चार वर्षं मंडळीपासून दूर राहिली. सबब येत्या रविवारी तिला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ घेतलं जाणार नाही."

"मंडळीच्या पंचांनी सह्या केल्या?"

"पंच भित्रे आहेत. माझी एकट्याची सही पुरे."

"हं..." मामांनी खळ पुन्हा ढवळली. "अजून कच्ची आहे. बसा."

गिदोन बसला नाही.

"तिनं मला चिठ्ठी पाठवली, मामा. चार वर्षांनी एक चिठ्ठी. काय, तर रविवारी मला मेजाला येऊ दे, सगळ्यांबरोबर प्रभूची भाकर घेऊ दे. माफीचा एक शब्द नाही त्यात. रजिस्टर लग्न केलं, वर हळदही लावून घेतली. आता नवऱ्याची बदली इकडे झाली, तर आठवण झाली मंडळीची. मी काय, हो म्हणू?"

"ते दार ठोकून घ्यायला पाहिजे," मामा म्हणाले.

"काय?"

"बिजागरी ढिली झालीय. परवा शालोमी आली होती माझ्याकडे. दाराला धरून उभी होती. बोलेना, आत येईना. तेवढा वेळ ते दार नुसतं खडखडत होतं."

गिदोनच्या कपाळाची शीर उठली. "तुम्ही तिला घरात घेतलंत?"

"चहा दिला. प्यायली नाही."

मामांनी सुतळीची गाठ कापली, ग्रंथाचा पुठ्ठा उतरवला आणि घड्या एकेक करून पाटावर मांडल्या. एका घडीत आठ पानं. मामा न बघता बोटांनी मोजत. बऱ्याच पानांवर गिदोनच्या लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला होता. आणि पानांच्या कोपऱ्यांवर, जवळजवळ प्रत्येक पानाच्या, पिवळट बोटं उमटलेली होती.

"बघा," गिदोन म्हणाला. "बघा कसा नासवलाय. आयुष्यात एक पान वाचलं नसेल तिनं यातलं. आमटीचा चमचा पुसायला ठेवला असेल चुलीशेजारी."

मामांनी वर पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं, वाचलं नाही म्हणून?"

मामांच्या तोंडून पाळकसाहेब गेले आणि नुसता गिदोन उरला, हे गिदोनला कळलं. त्याला ते आवडलं नाही.

"सांगायला कशाला पाहिजे."

"तू पाळक व्हायला पुण्याला सेमिनरीत गेलास. मास्तरांचे दोन्ही डोळे गेले ते त्याच वर्षी. ऑपरेशन बिघडलं. मग हा ग्रंथ त्यांना कोण वाचून दाखवायचं?"

गिदोननं पानांवरच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं.

"तीन वर्षं. रोज संध्याकाळी. मास्तर खाटेवर, ती चुलीपुढे, ग्रंथ पाटावर उघडा. फोडणी देत वाचायची, मळता मळता वाचायची. पान उलटायला हात धुवायला उठली की मास्तर ओरडायचे, पुढे वाच, पुढे वाच. मी असायचो तिथे. ऐकायला." मामांनी एका पिवळ्या डागावर अंगठा ठेवला. "ही आमटीची हळद आहे, बाळ. लग्नाची नाही."

"म्हणजे सगळं वाचून, सगळं कळून गेली ती," गिदोन म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, पण तो शांतपणा नव्हता. "मग तर दोष दुप्पट झाला. इथंच लिहिलंय, दोनशे अकरा पान. तेच वाचणार आहे मी रविवारी."

त्यानं ती घडी पाटावरून ओढली. पानाच्या तळाला लाल रेघ दोनदा मारलेली होती.

"'जो कोणी अयोग्य रीतीने प्रभूच्या मेजाजवळ येतो, त्यास पाळकाने अडवावे. न अडविल्यास तो दोष पाळकाच्या माथी राहील.' ऐकलंत? माझ्या माथी. तुमच्या नाही, पंचांच्या नाही."

"पुढे?"

"पुढे काय? पुढे शब्बाथाचा, विसाव्याच्या दिवसाचा अध्याय आहे."

"आण ती घडी."

मामांनी घडी हातात घेतली, अंगठ्याखालून पानं सोडली. एकदा आणि पुन्हा एकदा.

"आठ पाहिजेत. हाताला सात लागतात."

"एक गळलं असेल. जुना ग्रंथ आहे."

"गळलं नाही. हे बघ, हे जाड आहे."

गिदोननं पाहिलं. दोनशे अकरा. पान उलटलं की एकदम दोनशे चौदा. वर्षभर त्यानं हे पान उलटलं होतं, फळीसारखं कडक, आणि आकड्यांकडे कधी नजर गेली नव्हती. मधली दोन्ही पानं एकमेकांना गच्च चिकटली होती. कडेला वाळलेली कणीक दिसत होती.

त्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. हेही तिनंच. त्यानं पानाच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि ओढल्या.

फट्... मामांची चापट त्याच्या मनगटावर बसली.

लाजरमामांनी आजवर कुणावर हात उचलल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"हात काढ," मामा म्हणाले. "मास्तरांचा मुलगा आहेस म्हणून हातच मारला. चिकटलेलं ओढून सुटतं का? फाटतं."

गिदोन मनगट धरून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांचा पाळक, आणि कान लाल झालेले.

मामांनी खळीच्या भांड्यावरचं झाकण काढलं. वाफ आली. चिकटलेलं पान त्यांनी वाफेवर धरलं. जवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. बराच वेळ गेला. त्यांचे ओठ आवळलेले होते. राग त्यांचाही उतरला नव्हता, पण हातांना त्यांनी तो कळू दिला नाही.

"या खळीत मोरचूद घालतो मी," ते मध्येच म्हणाले. "निळं असतं, विषारी. किडा लागत नाही त्यानं. पण चिमूटभरच घालायचं. जास्त पडलं की किडा राहतो बाजूला, कागदच जळतो."

गिदोन मनगट चोळत राहिला.

हाडाची पातळ पट्टी घेऊन मामांनी ती पानांच्या मध्ये सरकवली. बोटभर सरकली. थांबले. पुन्हा वाफ. पुन्हा बोटभर... शेवटी कोरड्या पाल्यासारखा आवाज झाला आणि पान उघडलं. एका बाजूला कणकेचा रुपयाएवढा कपचा चिकटून होता, पण अक्षरं दिसत होती.

"वाच."

गिदोननं पान घेतलं.

"'परंतु, हे पाळका, दाराशी उभा राहून कोणास अडवू पाहशील, तर आधी हे पाहा. जो कापत कापत येतो, त्यास अडवू नको. त्यास कोणी तरी आधीच आत बोलाविले आहे. आणि जो...'"

तो थांबला.

बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं. दार एकदा खडखडलं.

मामा पानाकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी पुढचं म्हटलं, सावकाश, जुन्या मराठीत, एक अक्षर न चुकता.

"'आणि जो न कापता दुसऱ्यास अडवितो, त्याने त्या दिवशी स्वतः भाकरीस हात लावू नये.'"

गिदोननं पान खाली ठेवलं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं."

"ऐकलेलं होतं."

"वर्षभर ठाऊक होतं. मी दर बुधवारी अर्धंच वाचत होतो, आणि तुम्ही पहिल्या बाकावर मान हलवत बसत होतात." त्याचा आवाज फाटला. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीत, मामा. सगळ्या मंडळीसमोर मला..."

"का यायचो मी, वाटलं तुला?" मामांचाही आवाज वर गेला. "सगळे गळाले, मी येत राहिलो. ताप अंगात असताना आलो. म्हटलं, आज ते पान येईल. आज नाही तर पुढच्या बुधवारी येईल. आपला गिदोन आहे, त्याला दिसेल."

"सांगायचं होतं."

"कुणाला? तू ऐकायला कुठे बसायचास. तू वाचायला बसायचास."

गिदोन खिडकीपाशी गेला. परत आला. सूचनेचा कागद अजून त्याच्या मुठीत होता.

"शिस्त नको मग? जो येईल त्याला घ्यायचं? बाबा असते तर... बाबा माझ्यापेक्षाही कडक होते. प्रभूच्या भाकरीचा एक चुरा खाली पडला तर ओल्या बोटानं टिपून घ्यायचे. पायदळी जाऊ द्यायचे नाहीत. ती शिस्त होती. ती सोडू मी?"

"कागद धर," मामा म्हणाले.

"काय?"

"कागद. खाली धर इथं. कणीक खरवडतो, नाहीतर घडीत पडेल."

गिदोननं इकडेतिकडे पाहिलं. हातात होता तोच कागद त्यानं उलगडला आणि पानाखाली धरला. मामांनी पट्टीचं टोक कपच्याखाली घातलं आणि हलकेच उचललं. वाळलेली कणीक अख्खी सुटली. सूचनेवर येऊन पडली, शालोमीच्या नावावर.

मामांनी चष्मा काढला.

"तुमची आई गेल्यापासून मंडळीची भाकर तुमच्याच घरून यायची. बिनमिठाची, गव्हाची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती मळायची. हे पान ती वाचत होती त्या दिवशी शनिवार होता. या ओळीवर आली आणि थांबली. वाचवेना. मास्तर म्हणाले, पुढे वाच. तिनं नाही वाचलं. कणकेच्या हातांनीच ग्रंथ मिटला तिनं."

गिदोन कपच्याकडे बघत राहिला. पिवळसर, भेगाळलेला, त्यावर बोटाचं अर्धं वळण उमटलेलं.

"दुसऱ्या दिवशी त्याच कणकेची भाकर सगळ्या मंडळीनं खाल्ली," मामा म्हणाले. "तू त्या सकाळी एका दिवसापुरता पुण्याहून आला होतास. तूही खाल्लीस."

खळीला कड आला. मामांनी स्टोव्ह बंद केला. खोलीत एकदम शांत झालं.

वारा नव्हता. तरी कागदावरचा कपचा हलत होता.

गिदोननं दुसरा हात कागदाला लावला. तरी तो हलायचा राहिना.

"मामा..."

"खळ झाली," लाजरमामा म्हणाले. "हवी तेवढी ने, डकव जाऊन. फक्त आधी सांग, कागदावरचं ते कुठं टाकू?"