साऊचा राहिलेला अर्थ

“आणि नदीपल्याड? पल्याड मंजू नावाचा काय अर्थ होतो?”

कस्तुरानं विचारलं आणि मांडीवरच्या लेकीला जरा घट्ट धरलं.

रुद्रय्यानं वहीचं पान उलटलं. “पल्याड कानडीत मंजू म्हणजे धुकं.”

“धुकं म्हणजे… वाईट का हो?”

“वाईट असं नाही. पण धुकं टिकतं का बाई? ऊन आलं की गेलं.”

कस्तुरानं लेकीच्या डोक्यावर पदर ओढला. ते नाव तिनं मनातल्या मनात खोडून टाकलं.

“मग पारू?”

“तेलुगूत पारू म्हणजे वाहणं. पाणी वाहून जातं, तसं.”

“मंदा?”

“तुम्ही धंद्यातली माणसं. बाजार बसला की हिंदी बोलणारे काय म्हणतात?”

‘धंदा मंदा है’, ते तिला ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा तरी ऐकत होती.

कस्तुरा जातीची कासारीण. नवरा पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन निघायचा, ती मागून लेकीला कडेवर घेऊन. सोमवारचा बाजार मराठी मुलखातला, गुरुवारचा नदीपलीकडे कानडी, शनिवारचा डोंगराखाली तेलुगू. बांगडी सगळीकडे तीच, बोलणं मात्र तीन तऱ्हांचं. त्यात कासारणीची जीभ जन्मापासून जपून चालणारी. हातातली बांगडी फुटली तरी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. वाईट शब्द तोंडातून गेला की वाईट घडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं.

म्हणून तर ती टेकडी चढून मठात आली होती. मठातल्या रुद्रय्याला, धाकट्या स्वामीला, सात भाषा येत. बारा वर्षं देशभर फिरून, शिकून तो परत आला होता. एकेक शब्द कुठल्या भाषेत काय होतो, ते तो एका जाड वहीत लिहून ठेवी. कुणी विचारलं की त्याचा चेहरा उजळे.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मठाचे थोरले स्वामी सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. सगळा मुलूख त्यांना अज्जा म्हणे, म्हणजे आजोबा. दुपारच्या पंगतीची डाळ ते रोज स्वतः निवडत. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती.

“पोरगी केवढी झाली?” त्यांनी डाळीकडे बघतच विचारलं.

“आठ महिन्यांची, अज्जा.”

“आणि बारसं?”

“नाही केलं अजून…”

“मग घरात काय म्हणता हिला?”

“काही नाही. मी ‘ए’ म्हणते. ‘अगं’ म्हणते. सासूबाई म्हणतात दगडी म्हण, दगडाला कोण नेतंय? पण अज्जा, एवढ्या गोऱ्यागोमट्या लेकीला दगडी कसं म्हणू?”

“आणि हिचा बाप?”

“ते म्हणतात, रेशनकार्डावर काय घालायचं तेवढं एकदा सांग, मी सुटलो.”

अज्जा हसले. पोटापासून हसले. सुपातली डाळसुद्धा हलली.

मग त्यांनी मान वर केली. “इतकी भीती कशाची, पोरी?”

कस्तुरानं लेकीच्या झबल्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली. एकदा रुद्रय्याकडे बघितलं, आणि नजर खाली घातली.

“हिच्या आधी एक होती, अज्जा. साऊ. पाळण्यातलं नाव सावित्री, पण हाक साऊच. नाव मीच ठेवलं होतं. दहा महिन्यांची होऊन गेली… तापानं.”

अज्जांचा हात डाळीत सावकाश फिरत राहिला.

“दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी केलं सगळं. पण नाही राहिली. मग मी इथं प्रसादाला आले होते. ह्या स्वामींनी विचारलं, लेकीचं नाव काय होतं. मी सांगितलं. तर स्वामी म्हणाले…”

तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

डाळीतला अज्जांचा हात थांबला.

“काय म्हणालास, रुद्रय्या?”

वही उघडीच होती. रुद्रय्यानं नेमकं पान काढलं. कुणी अर्थ विचारला की त्याला दुसरं काही सुचत नसे.

“तो शब्द फार नामी आहे, अज्जा. आपल्या मराठीत साव म्हणजे सचोटीचा माणूस. गुजरातीत साव म्हणजे अगदी, पुरतं. वर पंजाबात सावा म्हणजे हिरवा. आणि कानडीत सावु म्हणजे…”

तेव्हा कुठं त्यानं वहीतून डोळे वर केले. समोर कस्तुरा होती. त्याचा आवाज एकदम खाली आला.

“…मरण.”

चुलीवरचं आधण तेवढं उकळत होतं.

“दिवसातून पन्नासदा हाक मारायचे मी तिला,” कस्तुरा म्हणाली. “न्हाऊ घालताना, भरवताना, बाजारात गिऱ्हाईक बाईचा हात हातात असतानासुद्धा. त्या कानडी बायका ऐकत असतील आणि म्हणत असतील, ही आई पोटच्या पोरीला काय म्हणून बोलावते… मीच बोलावून घेतलं, अज्जा. दुसरं कुणी नाही. मीच.”

“मी तसं म्हणालो नव्हतो,” रुद्रय्या पुटपुटला. “मी फक्त अर्थ सांगितला. अर्थ खरा आहे.”

“खरा आहे,” अज्जा म्हणाले. “माझ्या आईची भाषा कानडीच.”

कस्तुरानं डोळ्याला पदर लावला. आता राहिलंच काय? अज्जासुद्धा खरा आहे म्हणाले.

अज्जांनी सूप बाजूला ठेवलं.

“पोरी, तू साऊ म्हणून हाक मारलीस, की ती काय करायची?”

कस्तुराचा पदर डोळ्यावरून खाली आला. दोन वर्षं झाली, हे कुणी विचारलं नव्हतं. ताप किती दिवस होता हे विचारलं, अंगारा कुणाचा लावला हे विचारलं, दूध वरचं होतं का हेही विचारलं. हे नाही.

“हसायची,” ती म्हणाली.

“आणि?”

“आणि… पाय झाडायची. दोन्ही. पाळण्यात असली तर पाळणा आपोआप हलायचा, झोका द्यावा लागायचा नाही. मूठ तोंडात असायची, ती काढायची आणि अशी… अशी वळायची माझ्याकडं.”

तिनं मान वळवून दाखवली. दाखवताना तिच्या तोंडावर साऊचं हसू आलं, ते तिला कळलंही नाही.

अज्जा म्हणाले, “रुद्रय्या, लिही.”

“काय लिहू?”

“साऊचा एक अर्थ राहिलाय.”

रुद्रय्यानं लेखणी घेतली. मग थांबला. पानावर प्रत्येक अर्थासमोर भाषेचं नाव लिहायचा त्यानं रकाना आखला होता.

“भाषा कोणती लिहू, अज्जा?”

अज्जा सुपातली डाळ पाटीत ओतू लागले.

रुद्रय्यानं लेखणी दोनदा रकान्यावर टेकवली, दोनदा उचलली. शेवटी त्यानं तो रिकामा सोडला आणि पुढं लिहिलं, लिहिता लिहिता बोललाही, “हसणं. दोन्ही पाय झाडणं.”

“डावा जास्त,” कस्तुरा म्हणाली.

“काय?”

“डावा पाय जास्त झाडायची.”

त्यानं तेही लिहिलं.

कस्तुराला अक्षर लागत होतं, पण डोळे भरले होते म्हणून वाचता आलं नाही. तिनं नुसतं पानावर बोट ठेवलं. ओली शाई बोटाला लागली. तिनं ती पुसली नाही.

“चला,” अज्जा उठून म्हणाले. “बारसं उरकू. मग पंगत.”

“आत्ता? अहो अज्जा, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, काही म्हणता काही नाही…”

अज्जांनी रिकामं सूप झटकलं, त्यात आपलं उपरणं पसरलं. “घाल हिला ह्यात.”

आठ महिन्यांची पोर सुपात कुठली मावते? बसली, पण पाय बाहेर. सुपाच्या कडेला डाळीचा एक दाणा राहिला होता, तो उचलायच्या उद्योगाला लागली. कस्तुरानं पटकन तिच्या हातातून काढून घेतला, तोंडात घालेल म्हणून.

“आत्या आहे का हिला?”

“नाही अज्जा. ह्यांना बहीण नाही.”

“मग हा होईल.”

रुद्रय्याचे कान लाल झाले. “मी? अज्जा, मी… आत्या?”

“सात भाषा शिकलास. एवढं जमेल.”

“आणि नाव? कोणतं सांगू?”

“ते तू कशाला काढतोस? नाव आई सांगेल. तू कानात घाल.”

दोघंही कस्तुराकडे बघू लागले.

तिनं सकाळपासून दहा-बारा नावं विचारली होती. पण एक विचारलं नव्हतं. लेक पोटात होती तेव्हापासून ते तिच्या मनात होतं. त्याचाही काही भलताच अर्थ निघाला तर, म्हणून तिनं ते वहीजवळ नेलंच नव्हतं. अंधारात, लेक दूध पिताना, ओठ न हलवता तेवढं म्हणायची.

“हौसा,” ती म्हणाली.

रुद्रय्याचं तोंड उघडलं. कस्तुरानं डोळे गच्च मिटले.

काही ऐकू आलं नाही. तिनं हळूच एक डोळा उघडला. रुद्रय्यानं तोंड मिटून घेतलं होतं. वही त्यानं भिंतीकडे सरकवली, गुडघे टेकले, आणि एवढा मोठा माणूस सुपापाशी वाकला.

“कुर्र…”

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करू लागली की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. इथं बायकांपैकी एकटी कस्तुरा होती.

अज्जांचा हात वर गेला. सगळ्या मुलखानं तो हात आशीर्वादापुरताच बघितला होता. त्यांनी रुद्रय्याच्या पाठीत असा दणका घातला की चुलीपाशी बसलेलं मांजर उठून गेलं.

“बघतेस काय?” ते कस्तुराला म्हणाले. “रीत आहे. घाल की.”

कस्तुरानं भीत भीत हात उचलला. स्वामींच्या पाठीवर हात कसा टाकायचा? पण हात खाली आला तो भीत आला नाही. रीतीला लागतो त्याहून बराच जोरात आला.

रुद्रय्या हूं की चूं करेना. नाव सांगायला लागतो त्याहून जास्त वेळ तो वाकूनच राहिला. पोरीनं त्याची दाढी मुठीत धरली होती, आणि तिला ती सोडायची नव्हती.

वर झाला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“ताई,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी…”

“असू द्या, स्वामी.” कस्तुरा हसत रडत होती. “आत्याच्या पाठीत धपाटा जरा जास्तच बसला. तुम्हीही मनात ठेवू नका.”

मग तिनं लेकीला उचललं नाही. चार पावलं मागं सरली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, पुरं तोंड उघडून, तिनं हाक मारली.

“हौसा!”

पोरीचं लक्ष नव्हतं. ती दाढीतून आलेला एक पांढरा केस न्याहाळत होती.

“हौसा! ए हौसा!”

पोर वळली. खालचे दोनच दात, तेवढे दिसले.

कस्तुरानं तिला छातीशी धरलं आणि अज्जांच्या पायावर डोकं ठेवलं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. माझी साऊ तुम्ही मला परत दिलीत, असं काहीतरी. पण एवढंच म्हणता आलं, “अज्जा… बरं झालं मी आले.”

“जेवून जा,” अज्जा म्हणाले.

पोटभर जेवून ती निघाली. पायऱ्यांपाशी येऊन थांबली. उद्या गुरुवार. जुनी भीती एका घासात थोडीच जाते?

“अज्जा, आम्ही तीन मुलखांत फिरणारी माणसं. एखाद्या गावात ह्याही नावाचा वाईट अर्थ असला तर?”

“असेल की.”

“मग तिथं काय करू?”

अज्जा उद्याच्या पंगतीची डाळ सुपात घेत होते.

“तिथं जरा मोठ्यानं हाक मार.”