मुडपलेलं बोट

“आबा, पण पाखरं गेली कुठे?”

सुहास केळुसकराने हे तिसऱ्यांदा विचारलं.

सोनू तांडेल कड्यावर बसून फाटकं जाळं सांधत राहिले.

नवव्या वर्षी केळुसकर इथेच, त्यांच्याशेजारी बसून पाखरं बघायला शिकला होता. मे महिन्यात खालच्या कपारींत सुरय पक्ष्यांची एवढी अंडी, की पाय ठेवायला जागा नसायची. पुढे तो पक्ष्यांचा मोठा जाणकार झाला. नावामागे डॉक्टर लागलं, बोलण्यात तोरा आला. आज बऱ्याच वर्षांनी, मे महिन्यातच, धावत कड्याशी गेला, तर कपारी ओसाड. त्याचे डोळे भरून आले होते.

“कोणी घालवली? होडीवाल्यांनी? हॉटेलवाल्यांनी? नाव सांगा, मी वरपर्यंत जातो.”

“तू ल्हान हुतंस... घरट्याकडे बोट केलंस की मी काय करंय?”

केळुसकर ओल्या डोळ्यांनी हसला. “माझं बोट मुडपायचात. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, तसंच घरट्याचं, म्हणायचात. अंधश्रद्धाच ती, आबा. पण गोड होती.”

“हां.”

तांडेलांनी टोपलीतून एक पुस्तक काढलं. केळुसकराचंच, त्यानेच कौतुकाने पाठवलेलं. खाऱ्या हवेने फुगलं होतं. एक पान उघडून त्यांनी ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

नकाशा होता. कडा, पायवाट, गाडी लावायची जागा. आणि कपारींवर रोखलेला ठसठशीत लाल बाण.

“ह्यां वाचून माणसां इली,” तांडेल म्हणाले. “दर मे म्हयन्यात. तुझां नाव घेत.”

केळुसकराने पुस्तक मिटलं.

खाली लाटा फुटत होत्या...

तो बोलला, तेव्हा शहरातली भाषा गळून पडली होती. “आबा, ती जगली मां? खंय आसत, तुमका ठाऊक आसा?”

तांडेलांनी मान डोलावली. आसा.

“माका एकदाच बघूक व्हयी. मी लिवूचंय नाय.” आणि सवयीने त्याचा हात समुद्राकडे उठला. “त्या तिकडच्या बेटार...”

बोट ताठ होतं. त्याचं त्यालाच दिसलं. त्याने ते हळूच मुडपलं.

तांडेल उठले. ते मुडपलेलं बोट त्यांनी मुठीत धरलं, नऊ वर्षांच्या पोराचं धरायचे तसं.

“बघूक व्हयी ना? मगे होडयेत बस... आणि थंय पोचापर्यंत डोळे मिट.”